बाबांच्या रविवारांचं काय करायचं?

मावशी,
माझे बाबा गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. हृदयविकाराचा झटका आला, पहाटे, घरीच. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरी आणि सुट्टी मिळाली की डोंगर, असं त्यांचं आयुष्य. तरुणपणी सुळके चढायचे, निवृत्तीच्या आसपास सायकल घेतली, उन्हाळ्यात हिमालय ठरलेला. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा ते तिकडेच होते. आता जो तो भेटून सांगतो, ‘काय माणूस होता!’ मला अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी रागही येतो. लहानपणी त्यांच्याबरोबर एकदा रामशेज किल्ल्यावर गेल्याचं आठवतं, नंतर कधीच गेले नाही.

कार्तिकात वर्षश्राद्ध आहे. आई म्हणते, त्याआधी ती सगळी अडगळ काढा, घर मोकळं होऊ दे. भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, सायकल विकू, दोर वगैरे एखाद्या क्लबला देऊ, फोन रीसेट करून त्याच्या मुलाला देऊ. बाबांच्या मित्रांना साल्हेर किल्ल्यावर त्यांच्या नावाची पाटी लावायची आहे. थोडी राख ठेवली आहे, तीही वर न्यायची म्हणतात. एका बिस्किटाच्या डब्यात शिक्के मारलेली घडीची कार्डं सापडली, ती कसली हेही मला माहीत नाही. स्वतःच्या बापाबद्दल इतकं कमी माहीत असावं? माझा आठ वर्षांचा मुलगा विचारतो, आजोबा कुठे कुठे गेले होते? त्याला काय सांगू?
— एक लेक, इंदिरानगर, नाशिक

अगं बाळा,

आधी त्या डब्याबद्दल सांगते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची वाट तिथूनच निघते असं मला वाटतं.

ती बहुतेक ब्रेव्हे कार्डं आहेत. आपल्याकडचे सायकलवाले त्या राइडला ‘बीआरएम’ म्हणतात. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर चालणारा हा लांब पल्ल्याचा प्रकार. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे. वाटेत ठरलेल्या ठिकाणी थांबून कार्डावर वेळ आणि शिक्का घ्यायचा. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, भूक लागली तर धाब्यावर जे मिळेल ते खायचं. यात पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. वेळेत पोहोचलेले सगळे सारखेच. एका मोसमात चारही अंतरं झाली की त्या माणसाला सुपर रँडोनर म्हणतात. तेव्हा ती कार्डं टेबलावर मांड आणि अंतरं आणि वर्षं बघ. ६०० चं कार्ड निघालं तर तुझे बाबा त्या वयात एक अख्खी रात्र आणि जवळजवळ दोन दिवस सायकलवर होते.

२०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पुरी केली. त्यानंतर या शहरात सायकलीला कसा बहर आला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला हेल्मेट घातलेली साठीतली माणसं दिसायला लागली. तुझे बाबा त्यांतलेच एक असणार.

आता त्या कार्डांवरच्या वेळा वाच. समजा एका ठिकाणी रात्री दोन वाजून चाळीस मिनिटं लिहिलं आहे आणि गाव मालेगाव आहे, किंवा धुळे. म्हणजे त्या क्षणी तुझे बाबा मुंबई-आग्रा रस्त्यावर, ट्रकच्या उजेडात, थंडीत पायडल मारत होते. मग कार्ड घेऊन आईकडे जा आणि विचार, ‘आई, त्या रात्री तू काय करत होतीस?’

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

तुझ्या पत्रात बाबांचे मित्र आहेत, भाऊ आहे, मुलगा आहे, तू आहेस. आई मात्र एकाच वाक्यात येते, आणि तेही अडगळ काढा म्हणायला. वाचणाऱ्याला वाटेल, बाई कोरडी दिसते. मला तसं वाटत नाही. जो माणूस दर आठवड्याला डोंगरावर जातो त्याच्या प्रत्येक सफरीच्या दोन बाजू असतात. एक तो बघतो, दुसरी घरी थांबलेलं माणूस बघतं. घरोघरी मोबाइल नव्हते तेव्हाचे दिवस आठव. रविवारी रात्री सटाण्याकडून येणारी एसटी सीबीएस स्टँडला लागली का, चुकली का, की ती मंडळी वरच अडकली, हे कळायला काहीही मार्ग नसायचा. पोरांना जेवायला घालून, झोपवून, दाराच्या कडीकडे कान ठेवून बसायचं, आणि सोमवारी पहाटे पुन्हा कंपनीच्या बससाठी डबा करायचा. हे तिनं वर्षानुवर्षं केलं. त्या सॅककडे बघितलं की मित्रांना कडे-कपारी आठवतात. तिला ती वाट बघणंच आठवत असेल. तिला घर मोकळं हवं आहे याचं मला जराही नवल वाटत नाही.

म्हणून तिला ‘बाबा कसे होते?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला सगळ्या बायका एकच उत्तर देतात, ‘चांगले होते.’ डब्यापासून सुरुवात कर. त्यांच्याबरोबर काय द्यायचीस? दशम्या द्यायचीस का? दुधात भिजवलेल्या पिठाच्या म्हणून दोन दिवस टिकायच्या. चटणी शेंगदाण्याची की लसणाची? परत येताना डबा धुतलेला असायचा का? तिला बोलायचं असेल तर ती तिथून आपसूक पुढे जाईल. हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्ड कर, पण आधी विचारून. एका बैठकीत सगळं काढायचा हट्ट नको. आणि ती चिडली तर चिडू दे. ‘मला काय मिळालं त्यातून?’ असं म्हणाली तर तेही बाबांच्याच गोष्टीत येतं, ते कापू नकोस.

आता तुझा राग. निकालाच्या दिवशी बाबांनी घरी असायला हवं होतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण तुला ते आजवर कुणी म्हटलेलं दिसत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण हे वाईट बोलणं नव्हे. त्या दिवशी सोळा वर्षांची एक मुलगी गुणपत्रिका घेऊन घरी आली आणि दाखवायला बाप नव्हता. ते खरं आहे आणि ते तसंच राहणार. त्यांना किती पदकं मिळाली, किती पोरांना त्यांनी डोंगर दाखवला, याची बेरीज करून तो दिवस भरून निघत नाही. तो भरून काढायची जबाबदारी तुझ्यावर आहे असंही नाही. लोक ‘काय माणूस होता!’ म्हणतात ते त्यांच्या जागी खरे आहेत, त्यांना तो माणूस रविवारी मिळाला. तुला तो सोमवार ते शुक्रवार मिळाला, दमलेला. तुझा अभिमान आणि तुझा राग एकाच माणसाबद्दल आहेत. एक खरा आणि दुसरा खोटा असं ठरवायच्या मागे लागू नकोस.

मित्रांकडून मात्र एक गोष्ट मागून घे. त्यांच्याकडे असे प्रसंग असतील ज्यात बाबा घरच्यांबद्दल बोलले. गुहेत मुक्काम पडला की माणसं बोलतात. चूल पेटलेली असते, करायला काही नसतं. ‘माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का हो, काका?’ एवढं विचारायला संकोच करू नकोस. उत्तर नाही असंही येईल, ती तयारी ठेव. पण न विचारता आयुष्यभर अंदाज करत बसण्यापेक्षा ते बरं.

सामानाबद्दल आता थोडं कडक बोलते, कारण इथे प्रश्न कुणाच्या तरी जिवाचा आहे. चढाईचा दोर, हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचे पट्टे, स्लिंग म्हणजे अडकवायच्या पट्ट्या, हे सगळं नायलॉनचं किंवा तशाच धाग्याचं असतं. वापरलं नाही तरी ते जुनं होतं. बहुतेक कंपन्या अशा सामानाला जास्तीत जास्त दहा वर्षांची मर्यादा सांगतात, आणि भरपूर वापरलेला दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. बाबांनी तरुणपणी वापरलेला दोर भावानं चांगल्या मनानं क्लबला दिला आणि कुणी नवखा पोरगा त्यावर लटकला तर? तेव्हा दोर चढाईसाठी कुणालाही देऊ नका. त्याचे तुकडे करा, म्हणजे चुकूनही कुणी वापरणार नाही. एक तुकडा नातवाला दे, बाबांच्या मित्राकडून त्याला आठाची गाठ शिकव. एखादा लांब तुकडा आईनं कपडे वाळत घालायला घेतला तर फार छान. हेल्मेटचंही तेच, जुनं असेल तर फक्त ठेवायचं, डोक्यावर घालायचं नाही. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, धातूचे असतात, ते जास्त टिकतात, पण कोणता पडला-आपटला होता हे आता सांगणारं कुणी नाही. म्हणून तेही जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढे देऊ नका.

बूट तुझ्या मापाचे असले तरी घालून डोंगरात जाऊ नकोस. कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचा तळ आतून विरतो आणि चालताना अचानक सुटून येतो. खडकाळ उतारावर ते महागात पडतं.

सॅक, मॅट, स्टोव्ह, भांडी, बॅटरी हे बिनधास्त द्या. ट्रेकला जाऊ पाहणारी, पण पैसे नसलेली कॉलेजची पोरं या शहरात भरपूर आहेत. सायकल विकायची की द्यायची यावरून भावाशी भांडू नकोस. तो लांब आहे, त्याला हाताशी काहीतरी काम हवं आहे, आणि दुःखात पुरुष पुष्कळदा सामान हलवतात. ती सायकल ज्याच्या उंचीला बसेल आणि जो खरंच चालवेल त्याच्याकडे जावी एवढाच आग्रह धर. बाल्कनीत टांगून ठेवली तर टायर तडकतील आणि केबल गंजतील. घरी ठेवायला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा वगैरे बिल्ला किंवा प्रमाणपत्र सापडलं तर ते ठेवा. त्यावरची श्रेणीही बघ. पुढच्या ॲडव्हान्स कोर्सला जायला ‘ए’ लागते. ती कार्डं तर ठेवायचीच. आणि त्यांच्या हस्ताक्षरातली एकही वही रद्दीत जाऊ देऊ नका, किराणा मालाची यादी असली तरी.

फोन मात्र आज रात्रीच भावाला सांगून थांबव. रीसेट करायचा नाही. त्यात फोटो आहेत, मित्रांशी झालेलं बोलणं आहे, आणि सायकलवाल्यांच्या फोनमध्ये असतात तसे चाललेल्या वाटांचे नकाशेही असतील. सिमचं रिचार्ज चालू ठेवा, नाहीतर नंबर जाईल आणि मग कोणत्याच खात्याचा ओटीपी येणार नाही. गुगलचं खातं दोन वर्षं वापरात नसलं तर ते आतल्या फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. तुमचं एक वर्ष जवळपास संपत आलं आहे. आधी सगळं दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. जुने छापील फोटो असतील तर मित्रांपैकी एकाला घरी बोलाव आणि प्रत्येकामागे मऊ पेन्सिलीनं किल्ला, साल, माणसांची नावं लिहून घे. हे काम पुढच्या वर्षी करू असं म्हणू नकोस. ती मंडळीही सत्तरीला आली आहेत.

पाटीबद्दल माझं मत विचारलंस तर नको. साल्हेर १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, त्याहून उंच फक्त कळसूबाईचं शिखर. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात साल्हेर आहे. तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे आपल्या मनानं पाटी ठोकता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्यानं जन्मभर किल्ले पाहिले त्या माणसाला भिंतीवर नावं लिहिणाऱ्यांचा किती संताप येत असेल ते त्याच मित्रांना विचार. तेच गप्प होतील. राखही वर नको. गडावरच्या टाक्यांचं पाणी लोक पितात. बाकीच्या अस्थी रामकुंडात दिल्या असतील तर ही राखही तिथेच जाऊ दे. गोदावरी ब्रह्मगिरीवरूनच उतरते, बाबांचा डोंगर त्या पाण्यात आहेच.

मित्रांच्या मनातली माया मात्र खरी आहे, तिला काहीतरी काम दे. पाटीचे पैसे गोळा झाले असतील तर वर्षातून एकदा एखाद्या सरकारी शाळेतल्या मुलांना त्यांनी डोंगरावर न्यावं, चांगल्या बुटांसकट. किंवा किल्ल्यांची देखभाल करणाऱ्या, रीतसर परवानगी घेऊन काम करणाऱ्या संस्थेबरोबर दरवर्षी एक दिवस द्यावा. नाव लावायचा हट्ट नसेल तर अशी कामं टिकतात.

वर्षश्राद्धाला विधी व्हायचे ते होतील. संध्याकाळी मित्रांना घरी बोलाव, हॉल घेऊ नकोस. भाषणं नकोत. प्रत्येकानं एकच प्रसंग सांगायचा, त्यात जागा हवी, हवा कशी होती ते हवं, काय खाल्लं ते हवं. ‘थोर’, ‘दिलदार’ हे शब्द त्या दिवसापुरते बाजूला. आणि आईची इच्छा असेल तर आधी तिनं सांगायचं, त्याच सफरीतली घरची बाजू. त्या मित्रांपैकी कितीजणांनी ती कधी ऐकली असेल? त्यांच्याही घरी कुणीतरी जागत बसलेलं होतं. त्यांच्या बायकांनाही बोलाव.

तू साल्हेरला जावंस का? पत्रात तू सरळ विचारलं नाहीस, पण ‘नंतर कधीच गेले नाही’ या ओळीत ते होतं. जायचं असेल तर जा. बाबांचं कर्ज फेडायला म्हणून जाऊ नकोस. पावसाळा पुरता सरू दे, गवत वाळू दे. नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. त्याआधी महिनाभर पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून दोन-तीनदा चढ, मग चांभारलेणी, मग रामशेज. साल्हेर नाशिकहून शंभरावर किलोमीटर. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत साल्हेरवाडी किंवा वाघांबे गाठायचं. गडाची वाट माहीत असलेलं माणूस बरोबर हवंच. बाबांच्या एखाद्या मित्राला घेऊन जा, आणि गडापेक्षा जास्त वेळ खालच्या गावात काढ. इतक्या वर्षांत कुणाच्या तरी ओसरीवर त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली असणार, कुणाकडे तरी रात्री अंग टाकलं असणार. त्या घराला बाबा गेल्याचं कळलंच नसेल अजून. ते तुझ्या तोंडून कळावं.

तू दमून अर्ध्यातून परत फिरलीस तरी चालेल. वरच्या परशुरामाच्या मंदिरापर्यंत पोहोचणं ही काही अट नाही.

आता तुझ्या मुलाचा प्रश्न. भिंतीवर नाशिक जिल्ह्याचा मोठा नकाशा लाव. तो आणि आजी मिळून त्यावर टाचण्या लावतील. धोडप, अचला, अहिवंत, मार्कंड्या, अंकाई, हरिहर, अंजनेरी. जागा काकांना विचारायच्या, आणि त्या दिवशी घरी काय झालं होतं ते आजीला विचारायचं. निकालाच्या दिवसाची गोष्टही त्याला सांग, आत्ता नको, दहावीच्या आसपास सांग. तोपर्यंत तो आजोबांसारखं हरिहरच्या उभ्या पायऱ्या चढायचा हट्ट धरेल, त्याला सध्या नाही म्हण. रामशेजला ने. पेठ रोडनं आशेवाडीपर्यंत गाडी जाते, पुढची चढण त्याला झेपेल. त्याची पाण्याची बाटली त्याच्याच पाठीवर दे, सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आत खाली या. आणि निघताना आईला परत किती वाजता येणार ते सांग, आणि त्या वेळेला ये.

तुझी,
मावशी